देवमाशीची ओटी

नाथानं थोरल्या पोराचं लग्न केलं, त्याच साली, म्हणजे २०२३ मध्ये, आष्टीजवळच्या एका शाळेनं पहिल्यांदाच मुलींची सहल पुण्याला काढली. निघताना हेडमास्तर मोहनराव सहल नेणाऱ्या शिक्षिका विजयमालाबाईंना म्हणाले, "बाई, एक जरी भानगड झाली तर मुलींची सहल कायमची बंद." नाथानं आपल्या लेकीला, अंजूला सोडलं, पण सोबतीला आपली आई बायडाबाई दिली.

संग्रहालयात देवमाशाचा सांगाडा एसटीएवढा लांब होता. शेजारी पिल्लाचा.

"हा मासा नाही, पिल्लाला दूध पाजतो," तिथला माणूस सांगू लागला. "ही मादी बाळंत होतानाच मेली."

बायडाबाईचा जीव कळवळला. "अन् हिचा मालक?"

"नर? तो असेल समुद्रात. खूप जगतात ते."

"म्हंजी सवाष्ण गेली की! वटी भरली का कुणी हिची?"

सवाष्ण बाई गेली की कुंकू लावून, ओटी भरूनच तिला वाटेला लावायची, ही आपल्याकडची रीत. बायडाबाई दोरीखालून आत शिरली. कवटीला कुंकू लावलं आणि सकाळी देवीला वाहून उरलेले तांदूळ, खोबरं हाडांवर वाहिलं. "पाया पडा गं पोरींनो!"

मुलींनी रांग धरली. रांग पाहून दुसऱ्या गावच्या बायांनी चपला काढल्या. "नवसाला पावती का वं ही?"

एवढ्यात शिट्टी वाजली. अधिकारी बाई धावत आल्या. "तांदळाला किडे लागतात! कोणती शाळा? हेडमास्तरांचा नंबर द्या."

विजयमालाबाईंनी हात जोडले. "मॅडम, आमी सगळं साफ करतो. फोन तेवढा करू नका. पोरींची सहल बंद पडंल."

मुलींच्या हाती मऊ ब्रश आले. पोहायच्या पराजवळचे दाणे वेचता वेचता अंजू ओरडली, "आजे, हिला बोटं हायत! आपल्यावानी!"

अधिकारी बाई थबकल्या. नंबर राहिला बाजूला. जिथं कुणाला हात लावू देत नाहीत, तिथं मुलींना बसवून त्यांनी एकेक हाड दाखवलं. निघताना म्हणाल्या, "पुढच्या वर्षी पुन्हा या. कुंकू मात्र घरी ठेवा."

गाडीत विजयमालाबाई मुली मोजत होत्या. त्यांचा फोन वाजला, तो बायडाबाईनं घेतला.

"सगळं ठीक हाय ना?" मोहनरावांनी विचारलं.

"ठीक हाय की. एक मयत झालती. वटी भरली, पोरी पाया पडल्या."

"मयत?" पलीकडे खुर्ची पडल्याचा आवाज आला. "बाईंना द्या फोन!" विजयमालाबाईंनी फोन कानाला लावला. "बाई, पोरी धड हायत का?"

"समद्या धड हायत, सर."

"मग दर वर्षी न्या, माझं काय बी म्हणणं न्हाई. पण गेलं कोण अन् कधी, ते आधी सांगा!"

"देवमाशी, सर. २००९ च्या पावसाळ्यात, कोकणच्या किनाऱ्यावर. लेकरासकट गेली."