तीनदा हललेलं कपाट

दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा आमच्या ऑफिसात कोणी कोळून प्यायला असेल, तर तो मी! 'कर्मचाऱ्याला कामाच्या जागी योग्य ती सोय करून द्यावी' हे तर मला तोंडपाठ. त्यामुळे आमच्या वॉशिंग मशीनच्या कंपनीत, तक्रार विभागात, एक दृष्टिहीन बाई रुजू होणार म्हटल्यावर मी साहेबांना छातीठोकपणे सांगितलं, "सोयीचं माझ्यावर सोडा!" साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. माझ्या प्रत्येक कागदावर ते लाल रेघा मारतात. बोलण्यावर मारता येत नाहीत, हे माझं नशीब.

सोमवारी बाई आल्या. पांढऱ्या काठीनं त्यांनी अख्खं ऑफिस पालथं घातलं, आपल्या टेबलापासून दुरुस्ती विभागाच्या दारापर्यंतची पावलं मोजली आणि काठी मिटून पर्समध्ये ठेवली.

"छान आहे. हे सगळं असंच राहू दे," त्या म्हणाल्या.

काय हा संकोच! पाहुणा 'पुरे' म्हणाला म्हणून आपण वाढायचं थांबतो का? ऑफिस सुटल्यावर मी शिपाईकाकांना हाताशी धरलं आणि वाटेजवळचं लोखंडी कपाट डावीकडे सरकवलं.

मंगळवारी सकाळी धाडकन आवाज आला.

"काल इथे कपाट नव्हतं!" बाई कपाळ चोळत म्हणाल्या.

"तुमच्यासाठीच हलवलं!"

"अहो, हलवू नका ना!"

"त्यात त्रास कसला!" मी म्हणालो, आणि संध्याकाळी कपाट उजवीकडे नेलं. तिथली कुंडी डावीकडे आली. बुधवारी बाईंनी कपाट चुकवलं आणि पाय कुंडीत घातला. मग कपाट थेट खिडकीशी! गुरुवारी बाईंनी निमूटपणे काठी पुन्हा बाहेर काढली. ती नेमकी साहेबांच्या पायात अडकली आणि साहेब झेरॉक्स मशीनला मिठी मारून थांबले.

"चार दिवसांत तीन अपघात!" साहेबांनी मला केबिनमध्ये घेतलं. "बाईंना इथे जमेलसं दिसत नाही. उद्या अहवाल द्या. मग ठेवायचं की नाही ते ठरवू."

मला खरंच वाईट वाटलं. आमच्यावर खेकसणारी गिऱ्हाइकं बाईंशी बोलून चक्क 'धन्यवाद' म्हणत होती. अशा बाईंची नोकरी जाणार, आणि तीही मी एवढं राबत असताना! जाता जाता मी शिपाईकाकांना बजावलं, "वाटेत येईल ती प्रत्येक खुर्ची टेबलाच्या पलीकडे ठेवा!"

शुक्रवारी बाई माझ्या टेबलाशी आल्या.

"अहवाल तुम्हीच लिहिणार ना? मला ही नोकरी हवीय. एवढं लक्षात ठेवा."

"निर्धास्त राहा! मी बसलोय ना इथे!" असं म्हणत मी वीस वर्षांच्या सवयीनं मागे न बघता बसलो.

आणि थेट फरशीवर! फायलीही माझ्यामागोमाग खाली आल्या.

"माझी खुर्ची कुठे गेली?" मी ओरडलो.

"पलीकडे. तुम्हीच सांगितलंत की!" शिपाईकाका म्हणाले.

"लागलं का हो?" बाईंनी विचारलं. "मला मंगळवारपासून असंच लागतंय."

आवाज ऐकून साहेब बाहेर आले. फरशीवरच्या कागदांतला बाईंचा रुजू होतानाचा अर्ज उचलून त्यांनी मोठ्यानं वाचला. "आवश्यक सोय: एकदा लावलेलं सामान हलवू नये. बाकी काही नको." मग माझ्याकडे पाहिलं. "हा वाचला होतात?"

"मी... कायदा वाचला होता."

दुपारी मी उशीवर बसून अहवाल लिहिला. 'बाई कामात चोख आहेत. त्यांना कायम करावं.' खाली एक रकाना होता, 'कामातील अडथळा'. तिथे बराच विचार करून मी माझा हुद्दा लिहिला.

साहेबांनी तो वाचला आणि सही केली. वीस वर्षांत एकही लाल रेघ न खाता परत आलेला माझा हा पहिलाच कागद!