भासऱ्यांची मॅडम

आधीच सांगते, माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ चुकेल, आणि अक्षर तर असं की लिहिलेलं कधी कधी मलाच लागत नाही. तेवढं सांभाळून घ्या. पण जे लिहिते आहे ते मी रोज पाहते, त्यात चूक नाही.

माझे भासरे सायकलशी बोलतात.

भासरे म्हणजे माझ्या नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्या घरात भासऱ्याने भावजयीशी समोरासमोर बोलायचं नाही, भावजयीनेही नाही, अशी जुनी रीत. मी मुळातच लाजरी, मला ती रीत सोयीचीच पडली. भासऱ्यांनी लग्न केलं नाही. सारी उमर पुण्यात एका मोठ्या इमारतीच्या गेटवर वॉचमन होते. नोकरी सुटली तेव्हा एक पत्र्याची पेटी आणि एक सायकल घेऊन आसेगावला आमच्याकडे आले. सायकल तिथल्या एका साहेबांनी परदेशी जाताना दिलेली, शर्यतीची. बोटाएवढे टायर, मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. घंटी नाही, कॅरिअर नाही, उभी राहायला स्टँडसुद्धा नाही.

मालक, म्हणजे माझा नवरा, दिवसभर शेतात. घरात भासरे आणि मी. त्यांनी पाणी मागायचं तरी कोणाला? चार दिवस असेच गेले. मग एका सकाळी ओसरीतून आवाज आला, "मॅडम, चहा झाला असन तं कळवा."

मी दचकले. मला मॅडम म्हणणारं गावात कोण आहे? डोकावून पाहिलं तर भासरे सायकलच्या सीटकडे पाहून बोलत होते. मी जरा विचार केला आणि चुलीपाशीच बसून म्हटलं, "मॅडम, दूध नासलं. कोरा चालत असन तं सांगा."

"चालते," भासरे मॅडमला म्हणाले.

तेव्हापासून आमच्या घरचा सगळा कारभार मॅडमतर्फे चालतो. शेजारची कौसल्याबाई मला टोमणा मारते, "काहून वं, तुमच्या घरी जेवाले तीन जन असतेत का चार?"

"तीनच," मी म्हणते. "चौथीले निरं तेल लागते."

मॅडमची आंघोळ रोज सकाळी. सीटला दोरी बांधून भासरे तिला ओसरीच्या आडव्या वाशाला टांगतात. निरम्याचं पाणी वरून खाली. खालून वर धुणारा माणूस त्यांच्या हिशेबी अडाणी. चैन डिझेलच्या फडक्यात धरून पायडल उलटं फिरवतात. दात्यांना जुना ब्रश. पुसायला माझं जुनं सुती लुगडं, नायलॉन चालत नाही, चरे पडतात. मग चैनीच्या एकेका कडीत तेलाचा एकेक थेंब, आणि लगेच तो पुसायचा. "तेल आत पाह्यजे. वरतं चमकते ते माती धरते." शेवटी डबीतलं मेण लावून दांडी इतकी घासतात की त्यात अंगणातला निंब दिसतो.

बसतात मात्र सणासुदीलाच. तेव्हाही आमच्या गल्लीतला चिखल लागू नये म्हणून मॅडमला खांद्यावर घेऊन डांबरी रस्त्यापर्यंत चालत जातात. पारावरची माणसं विचारतात, "आज कोन कोनावर बसून राह्यलं?" भासरे शांतपणे म्हणतात, "मॅडमची तब्येत नाजूक हाय."

एकदा आमच्या बकरीनं हँडलवरची पट्टी खाल्ली. भासरे तिला काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला निरोप आला, "मॅडम, तिले सांगा, त्या बकरीशी आपलं बोलनं बंद." आणि खरंच, आजवर बंद आहे.

मागच्या सोयाबीनच्या वेळी मालकांच्या मोटरसायकलीचे दोन्ही टायर गेले. मालक म्हणाले, "दादा, तुमी धुता रोज अन् बसता सनाले. मंगरूळपीरच्या एका मास्तरले अशी सायकल पाह्यजे. देऊन टाकू का?"

"तुह्या घरात ठेवली हाय," भासरे म्हणाले. "तुही मर्जी."

मास्तर तंग चड्डी घालून आले. तीन हजार इसार दिला, बाकीचे पगार झाल्यावर देतो म्हणाले. भासऱ्यांनी त्यांना पाणी कुठे मारायचं नाही, तेल कुठे लावायचं नाही, सगळं समजावलं. मास्तर नुसते हो हो करत राहिले. शेवटी भासरे सायकलला म्हणाले, "मॅडम, हे ऐकून नाई राह्यले." मास्तर सायकल घेऊन गेले. इसार टायरात गेला.

त्या दिवशी भासऱ्यांचं ताट रिकामं झालं. त्यांनी ओसरीत मॅडम उभी असायची त्या कोपऱ्याकडे पाहिलं, आणि हात धुतला. गरम भाकर माझ्या हातातच राहिली. घ्या म्हणायचं, पण कोणाकरवी? दोन दिवसांनी मी वरणात मीठ घालायचं विसरले. ते तसंच जेवले. अळणी आहे असं म्हणायलाही त्यांना कोणी नव्हतं.

मालकांना त्यांनी कधीतरी सांगितलं होतं, पुण्यात गेटवर लोक फक्त "गेट उघडा" म्हणत. रविवारी खालच्या पार्किंगमध्ये साहेबांची ही सायकल धुताना तिच्याशी तेवढं बोलणं व्हायचं. एवढ्या माणसांच्या इमारतीत तेवढंच. आणि आता स्वतःच्या भावाच्या घरात तेही नाही.

मी मालकांना म्हटलं, "मॅडमले वापस आना."

"अन् इसार?"

"माह्या हळदीच्या मजुरीचे हायत. ते द्या."

मालक माझ्याकडे पाहतच राहिले. इतकं सरळ मी त्यांच्याशीही कधी बोलले नव्हते. मास्तर भले निघाले, इसार घेऊन सायकल परत दिली. चैन पार काळी झाली होती.

दुसऱ्या सकाळी ओसरीतून आवाज आला, "मॅडम, पैशे कोनं भरले?"

"मॅडम, घरातलेच होते म्हना."

"घरातल्याचे फेडा लागतेत म्हना."

मग बाजाराच्या दिवशी भासरे दारासमोर लोकांच्या मोटरसायकली धुऊ लागले. पाइप नाही, घाई नाही, आणि गाडीवाल्याने मध्ये बोलायचं नाही. तरी गिऱ्हाइकं येत. संध्याकाळी सीटखाली घडी केलेल्या नोटा खोचून ते म्हणत, "मॅडम, तिले द्या." ते विहिरीवर गेले की मी काढून घेई. संक्रांत गेली, होळी गेली.

परवा नोटा खोचून ते विहिरीवर गेले नाहीत. फडकं घेऊन तिथंच बसले. "मॅडम, इचारा, आता किती राह्यले?"

मी पदर सावरून ओसरीत आले, घडी काढली, मोजली. "मॅडम, काही नाई राह्यले. पुरे झाले."

भासरे दांडीवरची एकच जागा पुसत राहिले. मग म्हणाले, "घाई नाई आपल्याले. पुन्हा मोजा म्हना."

मी आत गेले. आधीच्याही सगळ्या नोटा आणल्या, उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं, सावकाश, एकेक करून मोजल्या. पैसे पुरे होते.