गुणोकाकांचा जपानी काढा

आमचे गुणोकाका दुसऱ्यांची औषधं पितात.

चोरून नव्हे. रोग्याच्या समोर बसून, त्याचं नाव घेऊन, देवाला गाऱ्हाणं घालून पितात. गावातलं कोणी म्हातारं माणूस कॅन्सरच्या ऑपरेशनला गेलं की काका मागोमाग इस्पितळात हजर. खांद्याला पिशवी, पिशवीत थर्मास, थर्मासात काढा. ऑपरेशननंतर म्हाताऱ्या माणसाला भ्रम होतो, काहीबाही बरळायला लागतं, तसं होऊ नये म्हणून हा काढा. डॉक्टर अर्थातच तो रोग्याला देऊ देत नाहीत. काका वाद घालत नाहीत. "डाक्टराचा बरोबर आसा," म्हणतात, झाकणात काढा ओततात आणि स्वतः पितात.

मी डिचोलीला शाळेत शिकवते, त्यामुळे चुकीच्या गोष्टी बघून गप्प बसणं मला जमत नाही. एकदा विचारलंच, काका, तुम्ही प्यायल्यावर गुण त्यांना कसा येणार?

"वडाची पुनव कोण करता?" काका म्हणाले. "बायल. उपाशी कोण ऱ्हवता? बायल. आयुष्य कोणाक गावता? घोवाक. मगे?"

आणि थर्मासाचं झाकण धोतराला पुसल्यासारखं पुसून परत घट्ट लावलं.

काका गोव्यात पेडण्याजवळ तुये इथल्या एका कारखान्यात होते. तिथे एक जपानी यंत्र होतं, ते सांभाळायचं काम काकांकडे. सबंध नोकरीत ते यंत्र एकदाही बंद पडलं नाही. काकांना त्यामुळे काम असं फारसं उरलं नाही, पण जपानविषयीचा आदर वाढत गेला. निवृत्तीनंतर कोणाच्या तरी फोनवर त्यांनी ऐकलं की जपानात ऑपरेशन झालेल्या म्हाताऱ्यांना भ्रम होऊ नये म्हणून झाडपाल्याचं औषध देऊन बघतात. झालं. "जपानात देतत!" या दोन शब्दांवर त्यांचं सगळं वैद्यक उभं आहे. त्या औषधात कोणती झाडं घालतात, हे फोनवाल्याला सांगता आलं नाही. काकांनी ती अडचण मानली नाही. बांधावरची ब्राह्मी, परसातलं जायफळ, डिचोलीच्या बाजारातलं वेखंड आणि जटामांसी, असा काढा त्यांनी बसवला. माझ्या माहितीप्रमाणे यातलं एकही जपानी नाही.

काढ्याचा परिणाम होतो, हे मात्र मी शपथेवर सांगेन. दोन झाकणं पोटात गेली की काका कदेलीवर, म्हणजे खुर्चीवर, बसल्या बसल्या शांत झोपतात.

बाकीचा वेळ ते रोग्याची झडती घेतात. चष्मा कुठे? कानातलं मशीन कुठे? कवळी का काढली? "कवळी काढलेलो माणूस आरशात बघूनय भियेता," असं त्यांचं मत आहे. जनेल उघडायला लावतात, उजेड दिसला पाहिजे. मग वार सांगतात, गाव सांगतात, कोणाच्या म्हशीने कोणाचं पोफळीचं कुळागर खाल्लं ते सांगतात. डॉक्टरांची याला हरकत नसते. माणूस जवळ बसलेलं बरंच, आम्हीही तेच सांगतो, फक्त थर्मास बाहेर ठेवा, असं म्हणतात. काकांचा ठाम समज असा की हा सगळा गुण थर्मासाचा.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या आतड्यात गाठ निघाली. बातमी आम्ही घरातच ठेवली होती. संध्याकाळी काका अंगणात. "वयनी, कधी कापतत?"

आई हसली. मला हसू आलं नाही. खरं सांगायचं तर मला ऑपरेशनची तितकी भीती वाटत नव्हती. आमच्या वाड्यावरचे एक आजोबा असंच ऑपरेशन करून आले होते. गाठ गेली, जखम भरली, पण घरी आल्यावर कितीतरी दिवस ते स्वतःच्या मुलाला पोलीस समजून हात जोडत होते. आई माझी ऐंशीला आलेली. कॅन्सर काढून टाकतील, पण इस्पितळातून माझ्याबरोबर परत येईल ती आईच असेल ना, या विचाराने मी रात्री उठून तिच्या खाटेशी जाऊन बसायचे. बाबा गेल्यापासून मला कशी आहेस, काय जेवलीस, हे विचारणारं तेवढं एकच माणूस उरलं होतं.

ऑपरेशन नीट झालं. दुसऱ्या दिवशी आईला वॉर्डात आणलं आणि काकांनी खाटेशेजारी उभं राहून हात जोडले.

"बा देवा म्हाराजा! ह्या वयनीन पोट कापून घेतल्यान हा म्हाराजा! तिची शुद्ध जाग्यार ऱ्हवांदे म्हाराजा! काढो मी पितंय, गुण तिका येवंदे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" वॉर्डातल्या अर्ध्या बायका एका सुरात म्हणाल्या. पेडण्याकडच्या असाव्यात, गाऱ्हाण्याला अशी साथ तिकडे देतात. शेजारच्या खाटेवर कोल्हापूरकडची एक आजी होती, तिने काही न कळता हात जोडले आणि सुनेला जोडायला लावले. नर्स धावत आली. तोवर काढा पिऊन झाला होता.

आणि एवढं करून आईला भ्रम झालाच.

दुपारी तिने डोळे उघडले, काकांकडे बघितलं आणि तिचा चेहरा असा उजळला की मलाही क्षणभर आनंद झाला. "आपा! ट्रक खंय लावलंस रे?"

आपा म्हणजे माझा मामा. डिचोलीला खाणीवर खनिजाचा ट्रक चालवायचा. आईचा जीव होता त्याच्यावर. त्याला जाऊन एक जमाना झाला.

मी काकांच्या कानात म्हटलं, "हो म्हणा. रस्त्यावर लावला म्हणा."

"नाय," काका म्हणाले. मग खाली वाकून, स्वच्छ आवाजात, "वयनी, मी गुणो. आपा नाय. तुमी इस्पितळात आसात."

"आपा, चेष्टा करू नको."

"आपा गेलो वयनी. मी गुणो, शेजारचो."

आईने चादर तोंडावर ओढून घेतली आणि रडायला लागली. भावाच्या मौतीची बातमी तिला नव्याने कळली होती. माझं डोकं फिरलं. ज्या माणसाने उभ्या जन्मात कोणाला नाही म्हटलं नाही, त्याला आजच हरिश्चंद्र व्हायचं होतं? मी म्हटलं, काका, बाहेर बसा. तुमचा काढा, तुमचं जपान, सगळं घेऊन बाहेर बसा.

ते उठले, थर्मास उचलला आणि व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले. पण गप्प बसले नाहीत. थोड्या थोड्या वेळाने दारातून मान आत यायची. "वयनी, मी गुणो. आज बुधवार." नर्स हाकलायची. परत मान. "गुणो, वयनी. बुधवारच आसा अजून." दुसऱ्या दिवशीही तेच, फक्त वार बदलला. मी त्यांच्याशी बोलत नव्हते. आई मला "बाई" म्हणत होती, डिचोलीच्या शाळेत मुलं म्हणतात तसं. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोडियम उतरलं होतं, त्याचं सलाईन लावलं, एक-दोन औषधं बंद केली. मी चष्मा पुसून तिच्या डोळ्यांवर चढवला आणि जनेल उघडून तिचा हात धरून बसले. माझी चिडचिड खरी होती, पण करत होते ते सगळं काकांचंच, हे मला तेव्हा जाणवलंही नाही.

त्यानंतरच्या सकाळी दारातून मान आत आली. "वयनी, मी गुणो."

आईने चष्म्यातून त्यांच्याकडे नीट बघितलं. "गुणो, ता माका दिसता. पण तू हंय बसलंस तर तुझ्या गायीक कोण बघता?" मग माझ्याकडे वळून, "आणि तू गो? शाळा नाय तुका? काय खाल्लंस काय नाय?"

मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडले. कोल्हापूरच्या आजीने आपल्या सुनेकडून मला पाणी देवविलं. सगळा वॉर्ड आनंदला. काकांनी काढ्याला श्रेय द्यावं, "जपानात देतत" म्हणावं, म्हणून मी वळून बघितलं, तर दारात कोणी नव्हतं.

ते व्हरांड्याच्या टोकाला कठड्याला टेकून उभे होते. मी चहा घेऊन गेले. राग गेला नव्हता, पण चहा नेला. विचारलं, "काका, आई बरी झाली, देव पावला. पण त्या दिवशी मामा मेला म्हणून सांगायची काय गरज होती? दोन घटका खूश होती ती."

काकांनी कप हातात घेतला, पण चहा प्यायले नाहीत. त्यांच्या बायकोला, मंदाकाकीला, असंच ऑपरेशननंतर भ्रम झाला आणि त्यातच ती गेली, एवढं गावात सगळ्यांना ठाऊक आहे. त्यापलीकडे ते कधी बोलले नव्हते.

"तुझी काकी अशीच खूश होती," ते म्हणाले. "तिका वाटला आपण वास्कोच्या बसीत बसलंय. मी तिका कंडक्टर दिसलंय. म्हणता, 'कंडक्टरानू, ही बाजूची जागा कोणाक देव नका, माझो घोव मागसून येता.' मी म्हटलंय, बरा."

खाली आवारात एक गाडी रुग्णाला उतरवत होती. उतरणाऱ्या म्हातारीच्या डोळ्यांवर चष्मा आहे ना, ते काकांनी वाकून बघितलं.

"मगे ती घोवाचा सांगाक लागली. 'तेका बोलूक येना, पण माणूस मनाचो बरो. माझ्या पायांक चिखल्यो झाल्यो, तेव्हा पावसाभर बावडेचा पाणी तेणाच भरल्यान. कोणाक सांगूक नाय.' इतक्या वर्सांत ती माका असा कधी बोलली नाय, बाय. माका बरा वाटला. म्हटलंय, आनी बोलांदे. मी कंडक्टरच ऱ्हवलंय."

"काका..."

"मदी मदी इचारी, 'इलो काय ओ माझो घोव?' मी सांगा, 'येतलो, वाटेर आसा.' म्हटलंय, शुद्धीर इली काय सांगीन आनी दोघांय हसूया. ती शुद्धीर इलीच नाय. शेवटाक चादरीचो कोनो बाजूक पसरून ठेवल्यान, दुसरो कोण बसू नये म्हणान."

त्यांनी चहाचा कप कठड्यावर ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले,

"माझी वाट बगीत गेली, बाय. आनी मी थंयच बसलेलंय."