वायरीला बँडेज

कॉम्प्युटरच्या वायरीला बँडेज बांधलेलं तुम्ही कधी पाहिलंय? मी पाहिलंय. साधंसुधं नाही, दोन्ही बाजूंनी बांबूच्या काड्या लावून, मोडक्या हाताला बांधतात तसं. वर पेनानं तारीख. मी कढीची वाटी घेऊन दारातच थिजले.

"अशा काय पाहून राह्यल्या, कमलबाई? मुका मार लागला हाये तिले," सिस्टर म्हणाल्या.

सिस्टर म्हणजे नाचणगावात आमच्या शेजारी राहणाऱ्या मालती सिस्टर. वर्ध्याच्या एका दवाखान्यात पस्तीस वर्षं नर्स होत्या. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण ही गोष्ट त्यांना बहुतेक कोणी कळवलेली नाही. सकाळी सहाला उठून स्वतःच्याच घराचा राउंड घेतात. माझ्याकडे पापड लाटायला आल्या, तर आधी आम्हा चौघींची नखं तपासली आणि एकीला सरळ परत पाठवलं. पाहुणा जरा रेंगाळला की म्हणणार, "चला, पेशंटले आराम करू द्या." घरात पेशंट कोणीच नाही. एकट्याच राहतात.

दुपारी एक ते दोन मात्र त्यांचं दार बंद. त्या वेळी कॉम्प्युटरवर त्यांची मैत्रीण एलियम्मा भेटते. ही केरळची. वर्ध्याच्या क्वार्टरमध्ये दोघी अठ्ठावीस वर्षं एका खोलीत राहिल्या. रिटायर झाल्यावर ती भाच्याकडे गावी गेली. आम्ही बायका म्हणायचो, रोज तासभर एवढं काय बोलत असतील बाई! एकदा मी दाराला कान लावला. हो, लावला, खोटं कशाला सांगू? तर आतून आवाजच नाही. म्हटलं, माझी चाहूल लागली असेल, म्हणून गप्प बसल्या.

तर त्या दिवशी साडेबाराला मी कढी द्यायला गेले आणि हा वायरीचा प्रकार. आठ दिवसांपासून नेट मधूनच जायचं, आज पुरतं गेलं होतं. स्क्रीनच्या कोपऱ्यात लाल फुली. पुलगावचा दुरुस्तीवाला म्हणे उद्या येतो.

"एकच्या आत चालू झालं पाह्यजे, कमलबाई. झालंच पाह्यजे."

"एक दिवस नाई बोललं तर काय बिघडते? नाईतर माह्या मोबाईलवरून लावा."

"आपल्या गल्लीत मोबाईलले रेंज कुठी हाये? चित्रच येत नाई. म्हनून तर वायरीचं घेतलं."

मग उपचार सुरू झाले. आधी कॉम्प्युटर बंद केला, घड्याळ लावून पाच मिनिटं आराम दिला. पुन्हा चालू. फुली तशीच. मग त्या भिंतीवरच्या नेटच्या डब्यापाशी गेल्या. वायर नीट लागली की त्यावर हिरवा दिवा लुकलुकतो. "नाडी लागून नाई राह्यली," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या हाताची पाहू." म्हणून वायर काढून शेजारच्या भोकात घातली. तिथंही अंधार. शेवटी बँडेज सोडलं, वायर बोटभर बोटभर दाबत नेली आणि तिला विचारलं, "इथं दुखते?"

वायरीला! माझ्या कानांनी ऐकलं. हसावं की घरी निघून जावं, कळेना.

"तिकडचं टोक पाह्यलं का?" मी कसंबसं विचारलं.

ते टोक टेबलाखाली, कॉम्प्युटरच्या पाठीमागं. सिस्टरचे गुडघे वाकत नाहीत. खुर्चीत बसून हात पोचतो, पण डोळ्यांना दिसत नाही. मी पदर खोचला आणि शिरले खाली. सत्तरीची बाई, रांगत! टोकाला हात लावते तर ते ओलं, आणि वास कसा, तर इंजेक्शनच्या खोलीचा.

"सिस्टर, हे काय हो?"

"स्पिरिट. रोज सकाळ-संध्याकाळ काढते, कापसानं पुसते, मंग लावते. इन्फेक्शन नको."

दिवसातून दोनदा काढ-घाल! त्या टोकाला प्लास्टिकची इवलीशी जीभ असते ना, टक् करून अडकणारी, ती पार मोडून गेली होती. वायर भोकात नुसती टेकून होती. मी बोटानं आत दाबली तशा सिस्टर ओरडल्या, "नाडी लागली!" बोट काढलं की गेली. चिकटपट्टी लावून पाहिली, पण स्पिरिटनं सगळं इतकं भिजलेलं की तीही निसटली.

"तुमीच मारलं ना पेशंटले!" मी डोकं बाहेर काढून म्हटलं.

सिस्टर हसल्या नाहीत. त्यांचं लक्ष घड्याळाकडे. एक वाजायला तीन मिनिटं कमी.

"दाबून धरान काय, कमलबाई?"

जन्मभर ऑर्डरी सोडलेल्या बाईचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. पुन्हा खाली गेले, भिंतीला टेकले, वायर दाबली. मान वाकडी केली की समोरच्या कपाटाच्या आरशात स्क्रीन दिसत होता.

स्क्रीनवर उशांना टेकवून बसवलेली एक बाई आली. केस पांढरे, तोंड एका बाजूला ओढलेलं, नजर कुठंच नाही. शेजारी भाच्याची बायको, हातात वाटी-चमचा.

"लकवा," सिस्टर माझ्याकडे न पाहता म्हणाल्या. "दोन वर्षं झाले. बोलत नाई. कोनी भरवलं तं तोंड उघडत नाई."

मग त्यांनी स्वतःपुढे मऊ भाताची वाटी ओढली. एक घास उचलला, स्क्रीनजवळ नेला, मोठा आ केला आणि खाल्ला. सावकाश चावला. तिकडची ती हरवलेली नजर हळूहळू येऊन सिस्टरच्या तोंडावर थांबली. ओठ हलले. तोंड उघडलं. भाच्याच्या बायकोनं चमचा आत सरकवला. इकडे दुसरा घास, तिकडे दुसरा. शब्द एक नाही.

मी गावभर बडबडणारी बाई. आणि ह्या दाराला मी कान लावला होता!

बोटाला मुंग्या आल्या. जरा सरकवावं म्हणून हात हलवला, तर स्क्रीनवरचं चित्र गपकन थांबलं. एलियम्माचं तोंड उघडं, चमचा अर्ध्यावर. मी घाबरून दोन्ही हातांनी वायर दाबली. चमचा हलला.

सिस्टरनी खाली वाकून पाहिलं नाही. पुढचा घास उचलला.

"हात नका हालवू, कमलबाई," त्या म्हणाल्या. "अर्धी वाटी राह्यली हाये तिची."