आज गळलं का?

संध्याकाळी साडेसहा वाजले की आमच्या दाराची कडी वाजायची. दाराला बेल आहे, चांगली चिमणीच्या आवाजाची आहे, तरी कडीच. उघडलं की समोर त्र्यंबककाका अहिरे. कडक इस्त्रीचा लेंगा, सदऱ्याच्या खिशात निळं आणि लाल अशी दोन पेनं, काखेत एक लांबट वही. कसं काय नाही, जेवलात का नाही. थेट माझ्या स्वयंपाकघराच्या छताकडे मान उंचावून विचारायचे, "बाई, आज गळलं का?"

"गळलं की! ओट्यावर, नेमकं पोळ्यांच्या डब्याशेजारी."

"किती?"

"पातेलं अर्धं भरलं."

"वा! उत्तम!" म्हणायचे, आणि वहीत काहीतरी लिहून जिना उतरून जायचे.

आता मला सांगा, दुसऱ्याच्या घरात पाणी गळतंय आणि हा माणूस 'वा' म्हणतो! एखाद्या दिवशी गळलं नाही असं सांगितलं तर चेहरा असा पाडायचे की मलाच अपराध्यासारखं व्हायचं. मी शाळेत बाई असल्यामुळे मला रागवायची सवय आहे. पण काकांवर रागावून उपयोग नसे. ते शांतपणे म्हणायचे, "हे निरीक्षण आहे बाई, मत नाही."

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. आमची नाशिकरोडची तीन मजली सोसायटी. तळमजल्यावर काका आणि सिंधूकाकू, सगळ्यात वर आम्ही, आमच्या डोक्यावर गच्ची. काका एकलहऱ्याच्या वीज केंद्रात प्रयोगशाळा साहाय्यक होते. तीस वर्षं बॉयलरचं पाणी तपासलं आणि निवृत्त झाले, पण तपासणं काही निवृत्त झालं नाही. काकूंच्या आमटीला ते कधी खारट म्हणाले नाहीत. "क्षार वाढलेत. हे निरीक्षण आहे, मत नाही." काकू म्हणायच्या, "मग निरीक्षणानंच पोट भरा."

त्यांच्या डोक्यात तो किडा शिरला तो सटाण्याला, म्हणजे काकूंच्या माहेरी. काकूंच्या भावाची, आबांची तिथे डाळिंबाची बाग. बहार धरायचा तर बागेला आधी ताण देतात. म्हणजे पाणी तोडतात. झाड तहानेनं पार सुकतं, पानं झडतात, आणि मग पाणी सोडलं की असं फुलतं की बघत राहावं. काकांनी हे पाहिलं आणि आबांना विचारलं, "म्हणजे त्रास दिल्याशिवाय गुण येत नाही?" आबा त्यांच्या अहिराणीत म्हणाले, "असंच शे, दाजी."

झालं! त्यात परत आल्यावर वर्तमानपत्राच्या रविवारच्या पानावर काकांना एक लेख सापडला. झाडाला उन्हाचा, तहानेचा ताण बसला की ते जीव वाचवायला स्वतःच्या अंगात वेगळी रसायनं तयार करतं, आणि माणसाची काही औषधं अशाच रसायनांतून सापडतात, असं त्यात होतं. काकांनी तो लेख कापला, पुठ्ठ्यावर चिकटवला आणि देव्हाऱ्याशेजारी लावला. आबांची बाग आणि हा पुठ्ठा मिळून काकांचं संशोधन उभं राहिलं. निष्कर्ष पुण्याच्या एका प्रयोगशाळेला पाठवायचे, हेही ठरलं.

काकूंना दमा. खोकल्याला अडुळसा चांगला हे आजीबाईंनाही ठाऊक. मग अडुळशाला ताण दिला तर? काकांनी गच्चीवर चौदा कुंड्या मांडल्या. सात कुंड्यांना रोज पाणी, सात कुंड्यांना ताण. पहिल्यांवर पांढऱ्या रंगानं 'बि' लिहिलं, म्हणजे बिनताण. दुसऱ्यांवर 'ता', आणि त्यांना पावसाचं पाणी लागू नये म्हणून वर प्लॅस्टिकचं छप्पर.

आणि मग आली चव घेण्याची पाळी. आमचे हे अंबडला कारखान्यात. एका पावसाळ्यात खोकत घरी आले, तर जिन्यातच काकांनी धरलं. दोन कप, दोन काढे. कोणता कुठला ते सांगायचं नाही, कारण सांगितलं तर म्हणे रोग्याचं मन फितूर होतं. ह्यांनी दोन्ही कप नाक दाबून रिकामे केले.

"फरक सांगा," काका म्हणाले, लाल पेन सरसावून.

"दोन्ही सारखेच घाण."

"नोंद घेतली," म्हणून काकांनी खरोखर तसं लिहिलं. पुढे आठ दिवस हे मागच्या जिन्यानं ये-जा करत होते.

काकूंना मात्र काकांनी कधी काढा पाजला नाही. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "तिला डॉक्टरांचंच औषध आणि पंप. माझं सिद्ध झालेलं नाही. न सिद्ध झालेलं घरच्या माणसाला देऊ नये."

"आणि आमच्या ह्यांना चालतं?"

"ते स्वयंसेवक आहेत," काका म्हणाले.

आता गळतीचं. ती सुरू झाली ऐन उन्हाळ्यात. पावसाचा थेंब नाही आणि माझ्या ओट्यावर टपटप. बरोबर त्याच कोपऱ्यात, जिथे वर 'ता'च्या कुंड्या. मी तरातरा खाली गेले.

"काका, तुमच्या कुंड्यांचं पाणी माझ्या पोळ्यांवर पडतंय."

"कुठल्या कुंड्या?"

"'ता'च्या."

"अशक्य. त्या कुंड्यांना पाणीच नाही. आठवड्याला एक फुलपात्र, तेही रविवारी. सगळी सोसायटी साक्षीला आहे."

आणि त्या दिवसापासूनच त्यांची ती संध्याकाळची फेरी सुरू झाली. आज गळलं का? किती? वा! मी सोसायटीकडे लेखी तक्रार केली. तीन पानी, मुद्देसूद, समासासकट. सेक्रेटरींनी सभा बोलावली. सभेत एकच प्रश्न होता, कुंड्या गच्चीवर ठेवायच्या की हटवायच्या.

सेक्रेटरी म्हणाले, "अहिरेसाहेब, पाणी घालत नाही म्हणता, तर तुमची ती वही दाखवा. त्यात सगळं असेलच."

जो माणूस रस्त्यात थांबवून वही दाखवायचा, तो त्या दिवशी वही छातीशी धरून बसला. "वही दाखवता येणार नाही."

"मग कुंड्या हटवाव्या लागतील."

"मला आठ दिवस द्या," काका म्हणाले. आवाज इतका बारीक होता की मीसुद्धा वर बघितलं. आठ दिवस मिळाले.

मी म्हटलं, दाल में कुछ काला है. म्हातारा चोरून पाणी घालतोय आणि पकडला जायला नको म्हणून वही लपवतोय! मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी अडीचलाच गच्चीच्या दारामागे स्टूल टाकून बसले. चोर पकडायचाच होता मला.

तीन वाजून गेले. जिन्यात चपला वाजल्या. मग थांबल्या. बऱ्याच वेळानं पुन्हा वाजल्या. पुन्हा थांबल्या. धाप लागल्याचा आवाज जवळ जवळ आला, आणि दारातून गच्चीवर आल्या त्या सिंधूकाकू.

दोन वर्षांपूर्वी कुरडया वाळत घालायला वर येताना काकूंना याच जिन्यात दम्याचा मोठा झटका आला होता. चौघांनी खुर्चीत बसवून खाली नेलं. तेव्हापासून त्यांनी दुसरी पायरी पाहिली नव्हती. डॉक्टर सांगून थकले की आता फुप्फुसांना झेपेल, औषध घ्या आणि रोज थोडं थोडं चढा. काकू म्हणायच्या, "मला मारायचंय का?" लग्नं सोडली, भिशी सोडली, माझ्या घरचं हळदीकुंकूसुद्धा मी ताट घेऊन खाली जाऊन करायची.

तीच बाई कठड्याला धरून उभी होती. जरा दम घेतला, टाकीच्या नळाखाली डबा भरला आणि 'ता'च्या कुंडीत ओतला. आणि काय ओतला! एका कुंडीला डबाभर. माझ्या घरात गळेल नाही तर काय होईल?

"काकू!"

त्यांच्या हातातून डबाच पडला. "सुनंदा, बाई माझी, यांना सांगू नको गं. त्यांचं संशोधन बुडेल."

"पण तुम्ही इथे कशा?"

"वजन करायचं म्हणून एक कुंडी खाली आणली होती यांनी. पानं अशी माना टाकून. मला राहवेना. श्वास अडकला म्हणजे काय होतं ते मला विचार. मुक्या जिवाला कशाला ते?" आणि डोळ्याला पदर लावून म्हणाल्या, "पाप लागेल मला. नवऱ्याच्या कामात खोट घालते. पण दुपारचे तीन वाजले की पाय राहत नाहीत."

मी शब्द दिला. आता आली का पंचाईत! चोर सापडला आणि मीच चोराची साथीदार.

दोन दिवसांनी साडेसहाला कडी वाजली. काकांनी छताकडे पाहिलं नाही. खुर्चीत बसले आणि वही माझ्यापुढे धरली. "तक्रार तुमची आहे. तेव्हा तुम्ही वाचा. फक्त तुम्ही."

पहिली पंधरा पानं अडुळशाची. पानांची लांबी, मातीचं वजन, उन्हाचे तास. मग एका पानावर लाल अक्षरात : 'ता' क्र. ३ ची माती ओली. कोण? त्याखाली : सिंधू. प्रयोग वाया. त्याच्याही खाली, निळ्या पेनानं : ती वर कशी गेली?

आणि तिथून पुढे अडुळसा नव्हताच.

'सोमवार. ३.१० ला निघाली. पहिल्या मजल्यावर थांबली. दुसऱ्यावर बसली असावी. गळलं, चार थेंब.'

'गुरुवार. मधूनच परतली. गळलं नाही. रात्री पंप दोनदा.'

'शनिवार. पहिल्या मजल्यावर थांबली नाही. गळलं, पाव पातेलं.'

'मंगळवार. उतरताना गुणगुणत होती.'

मी वाचत गेले आणि अक्षरं पुसट व्हायला लागली. शाळेत कितीतरी वह्या तपासल्या मी, पण अशी नाही.

"मी डोळे मिटून पडतो," काका म्हणाले. "तिला वाटतं झोपलो. दुसऱ्या मजल्यापर्यंत चपला ऐकू येतात. पुढचं काही कळत नाही. वर पोचली की अर्ध्यातून फिरली? मागे गेलो तर तिला कळेल. कळलं की संपलं. चढ म्हटलं की ती चढणार नाही. म्हणून तुमचं छत."

"आणि तुमचं संशोधन? निष्कर्ष पुण्याच्या प्रयोगशाळेला पाठवणार होतात ना?"

"काय पाठवू? ताणाच्या झाडांना बिनताणापेक्षा जास्त पाणी मिळालंय." ते हसले. मग म्हणाले, "शोधायला गेलो एक औषध, सापडलं दुसरं. पण कुंड्या हटवल्या, तर तिला वर जायला कारण उरणार नाही. तेवढं बघा, बाई."

पुढच्या सभेत मी उभी राहिले आणि माझी तीन पानी तक्रार माझ्याच हातानं फाडली. म्हटलं, कुंड्यांचा काही दोष नाही, गच्चीलाच भेग आहे, कुंड्या विटांवर ठेवा आणि भेग बुजवा. सेक्रेटरी कपाळाला हात लावून बसले. आमचे हे कुजबुजले, "तुला काढा पाजला काय त्यानं?"

गवंडी आला, भेग बुजली. ओटा कोरडा ठणठणीत. मी खूश. आणि संध्याकाळी साडेसहाला कडी वाजली.

"बाई, आज गळलं..." काका म्हणाले आणि मधेच थांबले. त्यांच्याही आत्ताच लक्षात आलं होतं. छताकडे बघत तसेच उभे राहिले. सगळ्या गावाला ताण देणारा हा माणूस, पण त्या क्षणी त्याच्याकडे बघवेना.

"काका, मी काय सांगते," मी म्हटलं. "जूनपासून माझी शाळा सकाळची झालीय. दुपारी मी घरीच असते. आणि गच्चीचा जिना माझ्या दारावरून जातो."

तेव्हापासून छताची नोकरी मी धरली. तीन वाजले की दार किलकिलं करून आत शिवण घेऊन बसायचं. काकूंना वाटे, सुनंदाला वाऱ्याची आवड आहे. त्या माझ्या दाराशी चौकटीला धरून उभ्या राहायच्या, पाणी घ्यायच्या, "यांना सांगू नको हं" म्हणायच्या आणि वर जायच्या. संध्याकाळी मी काकांना सांगायची : दोन मिनिटं टेकल्या, अर्धा पेला प्यायल्या. काका लिहून घ्यायचे. "नोंद घेतली."

दिवाळीच्या आधीची गोष्ट. तीन वाजले, मी पेला भरून ठेवला. चपला वाजल्या. पहिला मजला, दुसरा मजला. दाराशी सावली आली, आणि गेली. मी शिवण टाकून बाहेर धावले, तर काकू गच्चीच्या पायऱ्यांवर होत्या. मान वळवून म्हणाल्या, "आज घाई आहे गं, उशीर झालाय त्यांना पाणी द्यायला."

साडेसहाला कडी वाजली.

"काका," मी म्हटलं, "आज थांबल्याच नाहीत. खालपासून वरपर्यंत एका दमात. पाणीसुद्धा घेतलं नाही."

काकांनी वही उघडली. निळं पेन काढलं, टोपण काढलं, पुन्हा लावलं. मग तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले. चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसत राहिले, बराच वेळ.

"बरं वाटलं," ते म्हणाले. आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "हे मत आहे, बाई."