नग दोन

मंगळवारी दुपारी पहिली पाळी सुटली तेव्हा शैलजा मगदूमनं डोळ्यांवरचा चष्मा काढला, आणि तिचा उजवा हात कोपरापासून खाली चष्म्याच्या आतच राहिला.

दुखलं नाही, रक्त आलं नाही. बाही तेवढी रिकामी लोंबत राहिली. शिरोलीच्या त्या कारखान्यात पंपांची ओतीव कवचं घासायचं काम रोबो करायचा आणि त्याला शिकवायचं काम शैलजाचं होतं. चष्मा घातला की समोर रोबोची हुबेहूब आकृती उभी राहायची. शैलजा हवेत हात फिरवायची, तशी आकृती फिरायची, आणि जाळीपलीकडचा खरा रोबो ते शिकायचा. त्याच्या जवळ जायला नको, की बटणं पाठ करायला नकोत.

सुपरवायझर बाणदारांनी स्वतः चष्मा घालून पाहिलं.

"हाय की आत," ते म्हणाले. "काम करतोय. जरा थांबलेला न्हाई."

"मग बाहेर कसा काढायचा, साहेब?"

"गेटपास लागंल."

ऑफिसातल्या हेरवाडे बाईंनी दोन फॉर्म पुढे ठेवले. नेलेली वस्तू परत आणायची असेल तर गुलाबी, नसेल तर पिवळा. हात घरी न्यायचाय पण रोज सकाळी परत आणणार, असं शैलजानं सांगितलं. बाईंनी बराच विचार करून गुलाबी फॉर्म दिला. "शनिवारपर्यंत सही होईल. तोवर डाव्या अंगठ्यानं हजेरी लावा."

बुधवारी जेवताना नवरा सुकुमार तिला भाकरी मोडून देत होता. शैलजा एकदम थांबली. नसलेल्या हाताच्या तळव्यात तिला ऊब जाणवली.

"काय झालं?"

"माझा हात कुणीतरी हातात घेतलाय."

"कुणी?"

शैलजानं जरा वेळ अंदाज घेतला. "पुरुषाचा हात आहे," ती म्हणाली.

सुकुमारनं राहिलेली भाकरी मोडली आणि ताट तिच्याकडे सरकवलं.

गुरुवारी तिनं कामावर जाताच चष्मा चढवला. रोबोच्या आकृतीशेजारी तिचा हात होता आणि त्याच्याजवळ मनगटापासूनचा एक डावा हात. डावा हात कवच उचलून द्यायचा, तिचा हात ते घ्यायचा, घासायच्या चाकाखाली फिरवायचा आणि बाजूला ठेवायचा. चाळीस सेकंदांना एक कवच. पुढचं येईपर्यंत क्षणभर मोकळा वेळ मिळायचा, तेवढ्यात तो डावा हात तिचा हात धरून ठेवायचा. त्याच्या अंगठ्याचं नख मधोमध चिरलेलं होतं. मनगटावर हिरवं गोंदण होतं : आक्काताई.

तिनं बाणदारांना विचारलं.

"केरबा बागडीचा हाय तो. कागलचा. तीन वर्षांमागं जाळीच्या आत जाऊन शिकवत हुता. तवा चष्मा कुठं हुता? त्याचा हात तुटला, मग चष्मे आणले."

"आणि हात?"

"लई शोधला. रजिस्टरला 'आढळला नाही' असं लिवलंय."

शनिवारी सकाळी पास आला. नग एक. शैलजानं अर्ध्या दिवसाची रजा टाकली, चष्मा घातला आणि कोपर हाताजवळ नेलं. हात सांध्यात नीट बसला. तेवढ्यात त्या डाव्या हाताची पकड सुटू लागली. करंगळी सुटली, मग तिच्या शेजारचं बोट. जणू पासवर काय लिहिलंय ते त्याला ठाऊक होतं. मधलं बोट सुटायच्या आत शैलजानं मूठ आवळली.

चष्मा काढून, तो हात मुठीत धरून ती तशीच ऑफिसात गेली.

"बाई, नग दोन करा."

हेरवाडे बाईंनी आपला वाचायचा चष्मा वर सरकवून दोन्ही हात पाहिले. "दुसरा परत येणार?"

"नाही."

"मग त्याला पिवळा फॉर्म." त्यांनी जुनं रजिस्टर काढलं आणि 'आढळला नाही' मधलं 'नाही' पट्टी धरून खोडलं.

कागलच्या एसटीत शैलजानं मांडीवर ओढणी पसरली आणि तो हात झाकून घेतला. तो आता गार पडला होता, पण मेलेला नव्हता. नाडी लागत होती.

केरबा बागडी ओसरीवर एका हातानं शेंगा फोडत बसला होता. शैलजानं नाव सांगितलं, कारखाना सांगितला, आणि ओढणी बाजूला केली.

केरबानं हातातली शेंग खाली ठेवली. मग आत बायकोला हाक मारली, "आक्काताई, हिकडं ये जरा."

त्यानं बाही वर सारली. हात आपल्या जागी बसला. आक्काताईनं आपल्या नावावरून बोट फिरवलं, मग एकेक बोट दाबून पाहिलं. तिचे डोळे भरून आले, पण आवाज साधाच होता. "नखं वाढल्यात," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चहाचे कप ठेवले तेव्हा केरबाचा डावा हात आपोआप उचलला गेला. समोरच्या रिकाम्या हवेतून त्यानं काहीतरी जड उचललं आणि शैलजापुढे धरलं. शैलजा हलली नव्हती. पण तिचा उजवा हात पुढे झाला, त्यानं ते घेतलं, उलटंपालटं फिरवलं आणि बाजूला ठेवलं. ओसरीच्या फरशीवर लोखंड टेकल्याचा आवाज झाला.

चाळीस सेकंदांनी पुन्हा.

"हे आता किती वेळ?" आक्काताईनं विचारलं.

केरबानं घड्याळाकडे पाहिलं. दोन वाजले होते. "पाळी सुटंपर्यंत," तो म्हणाला. "दीड तास."

आक्काताईनं मान हलवली. शैलजाचा हात जिथं ते ठेवत होता, तिथली शेंगांची पाटी तिनं उचलून पलीकडे नेली आणि जागा करून दिली.