शून्य चुकांचा क्वार्टरबॅक

हंगामाच्या सुरुवातीला विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाकडे क्वार्टरबॅक पाच होते, हेल्मेट सात आणि चेंडू एकशे अठरा. क्वार्टरबॅक म्हणजे डाव सुरू झाला की ज्याच्या हातात सगळ्यांत आधी चेंडू येतो आणि ज्याच्या अंगावर सगळ्यांत आधी माणसं येतात. पाचांपैकी चौघे मैदानात उतरत. पाचवा, अक्षत बोकारे, तीन वर्षं कडेला उभा राहून हेल्मेट काखेत धरत असे. हे काम तो फार नीट करायचा.

त्याचे वडील सुमंत बोकारे मूळचे नागपूरचे. गेली एकोणीस वर्षं ते अमेरिकेतल्या हर्नडनमध्ये सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधण्याच्या नोकरीत होते. घरच्या मैदानावरचा एकही सामना त्यांनी चुकवला नव्हता. सामने एकवीस, अक्षतने फेकलेले चेंडू शून्य, अशी त्यांच्या एक्सेलमध्ये नोंद होती.

त्या वर्षी विद्यापीठाने खेळाडूंना मोबदला द्यायचं ठरवलं. मुलं राबतात आणि विद्यापीठ कमावतं हे बरं दिसत नाही, ही गोष्ट अवघ्या शंभरेक वर्षांत विद्यापीठाच्या ध्यानात आली होती. कोणाला किती द्यायचं हे ठरवायला एक मूल्यनिर्धारण कक्ष उघडण्यात आला. कक्षात माणसं अकरा. त्यांनी एक संभाव्यता निर्देशांक तयार केला. प्रत्येक खेळाडूची सुरुवात शंभरावर. कोणी न झेलता चेंडू जमिनीवर पडला की दीड गुण वजा, प्रतिस्पर्ध्याने पळवला की सहा, दुखापत झाली की दहा. गुण वाढण्याची तरतूद नव्हती, कारण चांगला खेळ हा अपेक्षितच धरला होता.

चार सामन्यांनंतर चार क्वार्टरबॅकचे निर्देशांक अनुक्रमे एक्केचाळीस, तेहेतीस, बारा आणि वजा तीन असे निघाले. वजा तीनवाल्याने विद्यापीठाला पैसे द्यायचे की काय, यावर उपसमिती बसली. अक्षतचा निर्देशांक शंभर होता.

एजंट दहा टक्के घेतो असं कळल्यावर सुमंतनी स्वतःच अक्षतचे प्रतिनिधी व्हायचं ठरवलं आणि कक्षाच्या संचालक मिसेस हॉलोवे यांना भेटायला गेले.

"तुमचा मुलगा हा आमच्याकडचा सर्वांत निर्दोष खेळाडू आहे," मिसेस हॉलोवे गंभीरपणे म्हणाल्या.

"पण तो खेळलेलाच नाही," सुमंत म्हणाले. प्रामाणिकपणा ही त्यांची जुनी खोड होती.

"त्याशिवाय इतकी सातत्यपूर्ण कामगिरी शक्यच नाही, मिस्टर बोकारे."

सुमंतना हे पटलं. करारात एक छोटं कलम होतं. अक्षतला मैदानात उतरवायचं तर त्याच्या मूल्यात घट होऊ शकते, म्हणून प्रतिनिधीने आधी मूल्यघट संमतिपत्रावर सही करायची. सुमंतनी करार दोनदा वाचला, एका स्वल्पविरामाची चूक दाखवून दिली आणि सही केली.

अक्षतने त्या रात्री जेवताना पोळीचा तुकडा हातातच ठेवला. "सो आय कान्ट प्ले अनलेस यू साइन?"

"असं कुठे म्हटलंय? फक्त प्रोसेस आहे, बेटा."

"बाबा, इट्स माय लास्ट इयर. आय जस्ट वॉन्ट वन गेम. वन! मी चुकलो तर चुकलो ना."

"शंभर आहे रे तुझा. शंभर! ऑफिसमध्ये मी एकोणीस वर्षांत झीरो डिफेक्ट पाहिलेला नाही."

"पाहिलायस की," अक्षतची आई आसावरी भाजी वाढता वाढता म्हणाली. "ते पेन्शनचं प्रोजेक्ट कॅन्सल झालं, त्यात कुठे एक तरी बग निघाला होता?"

सुमंतनी या मुद्द्यावर विचार करण्यासाठी आणखी भात घेतला.

बातमी मराठी मंडळात पोचली. दिवाळीच्या कार्यक्रमात अक्षतला शाल आणि श्रीफळ मिळालं. नारळ त्याने दोन्ही हातांनी धरला, सराईतपणे बोटं टेकवली आणि सभागृहाच्या शेवटच्या रांगेकडे पाहिलं. सुमंतनी हळूच नारळ काढून घेतला.

"रोज किती तास प्रॅक्टिस करतो?" शोभना काकूंनी विचारलं.

"तो करतो, पण मोजत नाहीत," सुमंत म्हणाले.

"बरोबर आहे. रेकॉर्ड क्लीन पाहिजे." काकूंनी ताबडतोब आपल्या केयाला पोहण्याच्या स्पर्धेतून काढलं. क्लास चालू ठेवला, फक्त पाण्यात जायचं नाही. गुरुनाथ काकांचा शिव गिटार शिकत होता. त्याला गिटार तूर्तास न देण्याचं ठरलं. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात मंडळाच्या गाण्याच्या स्पर्धेला सव्वीस नावं आली आणि सव्वीसही मुलांनी अपराजित राहण्यासाठी माघार घेतली. परीक्षकांनी सर्वांना विभागून पहिलं बक्षीस दिलं.

मग घरच्या मैदानावरचा शेवटचा सामना आला. पहिल्या क्वार्टरबॅकचा खांदा दुसऱ्या डावात गेला, दुसऱ्याचा गुडघा अर्ध्या वेळेआधी. तिसऱ्याला पोटदुखी झाली. चौथ्याने, त्याच्या वाट्याला आता फक्त कर्ज उरलं आहे हे लक्षात घेऊन, राजीनामा दिला. कडेला अक्षत उरला. त्याने तीन वर्षांत प्रथमच हेल्मेट डोक्यावर घातलं.

सुमंत आणि आसावरी एकतिसाव्या रांगेत बसले होते. सुमंतचा फोन वाजला. मूल्यघट संमतिपत्र आलं होतं, पानं चौदा. खाली दोन बटणं: मान्य, अमान्य. खेळ सुरू व्हायला नव्वद सेकंद होते.

"दाब ना," आसावरी म्हणाली.

"वाचू तर दे."

"अरे, तो बघ, तुझ्याकडेच बघतोय!"

खाली अक्षतने मान वर केली होती. हेल्मेटच्या जाळीतून चेहरा दिसत नव्हता, पण एवढ्या माणसांत तो नेमका एकतिसाव्या रांगेकडे पाहत होता. सुमंतनी एक हात वर केला आणि दुसऱ्या हाताने पान पाच उघडलं. न वाचता सही करणं त्यांना आयुष्यात जमलं नव्हतं. पान नऊवर एक व्याख्या अपुरी होती. पान बारावर असताना शिट्टी झाली. सही नव्हती, म्हणून चेंडू अक्षतऐवजी लाथ मारणाऱ्या खेळाडूच्या हातात देण्यात आला. त्याने तो सवयीप्रमाणे लाथाडला.

संघ सामना हरला. अक्षतचा निर्देशांक शंभर राहिला.

संध्याकाळी पार्किंग रिकामं होत आलं तेव्हा अक्षत पिशवीतून एक चेंडू काढून गाडीपाशी उभा राहिला.

"बाबा," तो म्हणाला, "गो लाँग."

सुमंत लांबची फेक झेलायला धावले. त्रेपन्नाव्या वर्षी, ऑफिसच्या बुटांनी, ओळीने आखलेल्या रिकाम्या जागा ओलांडत ते खूप लांबवर गेले. मग त्यांना वाटलं, हे नोंदवायला हवं. त्यांनी फोन काढला, अंतर मोजायचं ॲप उघडलं आणि दोन्ही हातांनी स्थिर धरलं.

"बाबा, कॅच!"

फेक सुंदर होती. चेंडू दोन दिव्यांच्या खांबांमधून, फिरत, सरळ आला. आसावरीने व्हिडिओ घेतला आणि मंडळाच्या ग्रुपवर टाकला. तो चारशे बारा जणांनी पाहिला. प्रतिक्रिया सत्तावीस आल्या. त्यांतल्या सव्वीस, यामुळे निर्देशांक कमी तर होणार नाही ना, असं विचारणाऱ्या होत्या. सत्ताविसावी केयाची होती: "अंकलनी कॅच का नाही केला?"

व्हिडिओ मूल्यनिर्धारण कक्षापर्यंतही पोचला. सोमवारी निर्देशांक जाहीर झाला: साडेअठ्ठ्याण्णव.

सुमंतनी त्याच दिवशी एक्सेलमध्ये नवी ओळ भरली. फेक एक. लांबी बावन्न यार्ड. चेंडू पडला ती जागा आणि वडिलांचा उजवा बूट यांतलं अंतर चौदा इंच.